पांढऱ्यात पांढरं

पुंता आरेनासला वारा कडी वाजवत नाही,
सरळ आत येतो.
परवा आला तेव्हा फळीवरचा डबा
पिठाच्या परातीत उपडा पडला.

डबा जस्ताच्या भस्माचा.
मारिनोविचच्या औषधांच्या दुकानातून बाबांनी आणलेला,
झाकणावर त्यांचं तिरकं अक्षर:
मलमासाठी. खाऊ नये.
बाबांना जाऊन दोन हिवाळे झाले.

नोल्बेर्तो म्हणाला, फेक ते सगळं,
दुकानात किलोनं मिळतं.
आईनं त्याच्याकडे असं पाहिलं
की तो उगाचच बूट शोधायला लागला.

मग नाकाला रुमाल बांधून आम्ही दोघी बसलो
पांढऱ्यातून पांढरं वेचायला.

वरवरचं पीठ आधी चमच्यानं उचललं,
निव्वळ वाटलं तेवढंच.
उरलेलं चाळलं.
चाळणीनं कुणालाच अडवलं नाही.

शेजारची ओर्तेन्सिया खिडकीतून म्हणाली, व्हिनेगर ओता.
आई म्हणाली, त्यात विरघळेल ते जस्त, पीठ राहील तसंच.
चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग बरणीत पाणी. ढवळलं, ठेवलं.
जड असेल ते तळाला जाईल, मी म्हणाले,
शाळेत मी हेच शिकवते, फळ्यावर आकृती काढून.
सकाळी तळाशी एक थर होता, त्यावर दुसरा असणारच,
पण मधली रेघ कुठे?
आई बरणी उजेडात धरून फिरवत राहिली,
एक डोळा मिटून,
सुईत दोरा ओवताना मिटते तसा.

तिसऱ्या दिवशी बरणीला आंबूस वास यायला लागला.
वरचं पाणी ओतलं, खालचा गाळ वाळवला,
आणि लोखंडी तवा चढवला.

पीठ आधी बदामी झालं, मग काळं,
मग घरभर धूर, जळक्या पावाचा,
बाबा एकटे घरी असले की यायचा तसा.
आम्ही खिडकी उघडली. वाऱ्याला तेच हवं होतं.
काळं हळूहळू विरलं
आणि खालून उगवलं पिवळं.
लख्ख पिवळं, लिंबाच्या सालीसारखं.

नासलं, आई म्हणाली, आणि खाली बसली.
रोसेन्दा बार्रिया, जी दवाखान्यातही उभी राहिली होती
शेवटचे अकरा दिवस.

मी गॅस बंद केला. थांब म्हणाले.
तवा निवत गेला, कडेकडून,
आणि पिवळं उतरलं.
पांढरं झालं पुन्हा,
राखेची जराशी झाक सोडली तर पूर्वीसारखंच.

आईनं बोट लावून पाहिलं.
एलेउतेरियोच, म्हणाली.
तापला की रंग बदलायचा,
निवला की मूळचा.
तापलेला असताना हात लावायचा नाही, एवढंच.

काचेवर थोडं तेल, त्यात चिमूट चिमूट भस्म,
सुरीच्या पात्यानं घोटायचं, गुठळी मोडेपर्यंत.
घाई केली तर मलमात खडे राहतात
आणि मेंढ्या कातरणाऱ्या माणसाच्या कपाळाला ते टोचतात.
मग लोकरीची चरबी, मेण.
माझा दंड भरून आला. आईचा नाही.

शाळेच्या दारातली उन्हाची पाटी आज जांभळी आहे.
म्हणजे ढग असले तरी ऊन चावणार.
नोल्बेर्तो मळ्यावर निघालाय, मेंढ्यांच्या कातरणीला, सहा आठवडे.
आईनं त्याच्या कानांना लावलं, मानेला लावलं,
नाकाच्या डाव्या बाजूला जरा जास्त,
बाबांचा फोड जिथे सुरू झाला होता तिथे.
तो म्हणाला, जळक्या पावाचा वास येतोय.
आई म्हणाली, येऊ दे.

आता ओटा पुसतेय.
माझ्या बोटांच्या रेषांत पांढरं अडकलंय,
पाण्यानं हलत नाही.
फळीवर डबा आहे, निम्मा,
आणि शेजारी एक कागदी पिशवी,
चमच्यानं उचललेल्या त्या पिठाची,
ज्याच्याबद्दल कुणालाच खात्री नाही.
तिच्यावर आईनं पेन्सिलीनं लिहिलंय:
खाऊ नये.
आणि खाली, जरा वेळानं लिहिल्यासारखं:
फेकूही नये.